मंगळावरचा कौल

"वायच थांबा ओ, लांबून येतंय."

टीव्हीवर चित्र अर्धवट उघडून थबकलं की मावशी हाताचा पंजा आमच्यासमोर धरायच्या आणि हे वाक्य म्हणायच्या. वायच म्हणजे थोडंसं. मी चाकणजवळच्या कुरुळीचाच, इथल्या मातीतला माणूस. हा कोकणातला शब्द मला त्यांच्यामुळे कळला. चित्र खरोखरच लांबून यायचं. थेट मंगळावरून यायचं. मावशींना त्याचं काही विशेष वाटत नसे. गावाहून एसटी यायला उशीर झाला तर माणूस जसा सांगतो, तसं त्या सांगायच्या.

डबे करून देणाऱ्या बाईचा आणि मंगळाचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं.

माझा धंदा वायफायचा. आमची शेती कंपन्यांच्या शेडखाली गेली, भावांनी प्लॉटिंग केलं, आणि मला तारा ओढायचा नाद लागला. आधी केबल होती, आता काचेची तार आली. या धंद्यात माणसाला लोकांच्या घरात थेट आतपर्यंत जावं लागतं. कॉटखाली वाकावं लागतं, देव्हाऱ्यामागून वायर काढावी लागते. कुणाचं पटत नाही, कोण आजारी आहे, हे पाहुण्यांच्या आधी तारवाल्याला कळतं. तुमच्या गल्लीतल्या तारवाल्यालाही तुमच्याविषयी बरंच माहीत असणार. तो बोलत नाही, एवढंच.

मावशी तळकोकणातल्या. नवरा लवकर गेला, तेव्हा लहानग्या मुलाला घेऊन इकडे आल्या. आमच्या गावात पहिल्या मजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि शिफ्टच्या पोरांना डबे द्यायला लागल्या. बरीच पोरं तिथेच बसून जेवायची. लातूर, बीड, नांदेडकडची ही पोरं नारळाच्या आमटीला आधी नाकं मुरडायची आणि महिन्याभरात वाटी पुढे करायची. "खोबरं घातलंय, विष नाय घातलं. खावा," एवढंच मावशी म्हणायच्या.

मुलाचं नाव काही असो, त्या त्याला बाबू म्हणत. बाबूने डिप्लोमा केला आणि सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागला. अंगाने बारीक, चष्मेवाला, बोलायला लागला की थांबायचा नाही. त्याला एकच वेड. मंगळावर एक गाडी उतरवली आहे, सहा चाकांची, माणूस नसलेली, ती एका मोठ्या विवरात फिरते आणि फोटो पाठवते. ते फोटो ज्यांनी गाडी पाठवली ते लोक सगळ्या जगासाठी खुले ठेवतात. बाबू जेवताना एका हाताने भाकरी मोडायचा आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर ते फोटो सरकवायचा. मी त्यांच्याकडे कनेक्शन द्यायला गेलो, तेव्हा त्याने स्पीड किती मिळेल हे विचारण्याआधी मला मंगळावरचा एक दगड दाखवला होता.

"आई, हा खड्डा बघ. उल्का आदळून पडलाय."

"खड्डा बघायला एवढ्या लांब कशाला गेले? चाकणच्या रस्त्याला या म्हणावं."

"अगं, इथे एकेकाळी तळं होतं. पाण्याच्या खुणा शोधतायत."

"आटलेल्या तळ्यात?" मावशी तव्यावरून मान वर न करता म्हणायच्या. "आमच्याकडे विहीर आटली की उतरून गाळ काढतात. हरवलेले तांबे सापडतात त्यात. काय सापडलं तर सांग."

हे असं रोज चालायचं. वरवर थट्टा, पण मावशींचं लक्ष असायचं. एकदा बाबूची सेकंड शिफ्ट होती आणि मी राऊटर बदलायला गेलो होतो, तर त्यांनी मलाच हळूच विचारलं, "ती गाडी एकटीच हाय तिकडे?"

"व्हय मावशी. एकटीच."

"थंडी केवढी म्हणे. मशीन झालं म्हणून काय झालं, अशी एकटीला पाठवायची?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

मग एका दुपारी, फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर, हायवेवर कंटेनरने बाबूच्या मोटारसायकलला मागून उडवलं. हेल्मेट होतं. तरी डोक्याला मार बसायचा तो बसलाच.

हॉस्पिटलचं सगळं मी इथे लिहीत नाही. ज्यांच्या घरचं माणूस अतिदक्षता विभागात पडून राहिलंय त्यांना ते ठाऊक आहे, आणि ज्यांचं राहिलं नाही त्यांना ते कळू नये. शेवटी त्यांनी सांगितलं की आता घरी न्या, सांभाळा, वाट बघा. मेसच्या पोरांनी त्याला चादरीच्या झोळीतून जिना चढवून वर नेलं. जेवणावरून रोज भांडणारी पोरं, पण एक पायरी चुकली नाही. बाबूचे डोळे उघडे होते. नाकात नळी होती. तो कुणाकडेही बघत नव्हता.

मावशींनी दुसऱ्याच दिवशी डबे सुरू केले. बसून राहिले असते तर वेड लागलं असतं, असं म्हणाल्या. एका खोलीत चूल आणि दुसऱ्या खोलीत कॉट. फोडणी टाकायची, हात धुवायचे, जाऊन त्याला कुशीवर वळवायचं, परत हात धुवायचे आणि पोळी लाटायला बसायचं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ठरावीक वेळाने वळवावं लागतं. मी या बाईला त्या दिवसांत स्वस्थ बसलेलं पाहिलं नाही.

एके दिवशी त्यांचा फोन आला. "भाऊ, धावत या."

मला वाटलं तार तुटली. जाऊन बघतो तर मावशी कॉटशेजारी गुडघ्यांवर बसलेल्या, बाबूचा हात स्वतःच्या तळहातावर घेतलेला.

"गाडीचं चित्र लावलं मी टीव्हीवर. त्याचं बोट हललं."

"खरंच?"

"वायच थांबा. परत लावते. लांबून येतंय ते."

चित्र उघडलं. तांबूस जमीन, काळपट दगड, लांबवर विवराची कड. आम्ही दोघं त्याच्या बोटाकडे बघत राहिलो. बोट हललं का? मला शपथेवर सांगता येणार नाही. मावशींनी माझ्याकडे मान वळवली आणि मी म्हणालो, "हललं, मावशी." दुसरं काय म्हणणार होतो? तुम्ही काय म्हणाला असता?

त्या दिवसापासून बाबूच्या खोलीत मंगळ सुरू झाला. मावशींना इंग्रजी येत नव्हतं, पण मेसमधल्या एका पोराने त्यांना रिमोटने ते पान उघडायला शिकवलं. चित्र आलं की त्या बाबूला सांगायच्या.

"बाबू, आज ती सरकली नाय हां. बसलीय आपली."

"बाबू, आज तिने दगडाला भोक पाडलं. बघ रे, केवढं बारीक."

"बाबू, आज वाळूत चाकं रुतली वाटतं तिची. येईल बाहेर. मागे पण आली होती ना? तूच सांगितलं होतंस."

पोरंही हात धुवून जेवायला बसताना भाजी कसली आहे हे विचारायच्या आधी "मावशी, गाडी कुठवर आली?" असं विचारायला लागली. सुरुवातीला ते मावशींसाठी होतं. नंतर त्यांनाही खरोखरच हवं असायचं. फाउंड्रीतून काळा होऊन आलेला एक बीडचा गडी आमटी भुरकत मला सांगायचा, "भाऊ, आज लई उतार हाय तिला. ब्रेक लावत उतरायली."

घरमालकीण एकदा जिन्यात म्हणाली, "सुटका व्हावी बिचाऱ्याची." तिच्या मनात वाईट नव्हतं. मावशी थांबल्या, हातातली कळशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "सुटका मागायची तर स्वतःच्या माणसाची मागा. माझ्याची नको." त्यानंतर ती बाई मावशींसमोर यायला घाबरायची. मला मात्र त्या दिवशी मावशींचा फार अभिमान वाटला.

पण पोरगा खालावत चालला. उलट्या व्हायला लागल्या, मग झटके आले. मी माझ्या व्हॅनमध्ये घालून दोघांना हॉस्पिटलला नेलं. डॉक्टर भला माणूस होता. त्याने आम्हाला खुर्चीत बसवून समजावून सांगितलं. डोक्यात पाणी साचलंय. ते काढायला आत नळी बसवावी लागेल. पाण्याचा दाब कमी झाला तर पोरगा कदाचित शुद्धीवर येऊ शकतो. पण शरीर फार थकलंय, छातीत कफ आहे, ऑपरेशन सोसेल असं छातीठोक सांगता येत नाही. टेबलावरच जाऊ शकतो. आणि ऑपरेशन नाही केलं तर काही महिने असाच पडून राहील, हळूहळू विझत जाईल.

"करू की नको, तुम्ही सांगा," मावशी म्हणाल्या.

"ते मी नाही सांगू शकत, आई. तुम्हाला ठरवावं लागेल. फार दिवस थांबूही नका."

परत येताना व्हॅनमध्ये मागे बाबू झोपलेला, मावशी त्याचं डोकं मांडीवर धरून बसलेल्या. मोशीपर्यंत त्याच्या कपाळावरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिकडे थेंबभर पाण्यासाठी एवढी गाडी पाठवली. आणि ह्याच्या डोक्यात साचलंय." आणि मग त्या रडल्या. अपघातानंतर पहिल्यांदा मी त्यांना रडताना ऐकलं. आरशात बघायची हिंमत झाली नाही, ट्रॅफिककडे बघत गाडी चालवत राहिलो.

आता कौल म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्याकडे ही रीत नाही, मला मावशींनी समजावलं. त्यांच्याकडे माणूस मोठ्या अडचणीत सापडला की ग्रामदेवतेला विचारतो. गुरव देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, देवाला गाऱ्हाणं घालतो, म्हणजे मोठ्याने सगळी हकीकत सांगून प्रश्न विचारतो. मग सगळे वाट बघत बसतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देवाने सांगितलं की माणसाच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. लग्न, घर, जमीन, सगळं मावशींच्या घरात असंच ठरत आलं होतं. नवरा गेल्यावर इकडे यायचं, तेही कौलावर.

त्यांनी गावाला दिराला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, मी तिथेच होतो.

"वैनी, कौल कसो घेऊ? देवळाक टाळा आसा."

"टाळा कसला?"

"पालखीक पयलो खांदो कोणाचो, ह्याच्यावरना दोन वाडी भांडली. पोलीस इले. दोन्ही बाजूंनी देऊळ बंद केल्यानी. मिटल्याशिवाय गुरव आत जाऊचो नाय."

मावशींनी फोन बंद केला. माझा मात्र संताप झाला. एका बाईच्या पोराचा जीव टांगणीला लागलाय आणि खांदा कुणाचा म्हणून देव कोंडून ठेवलाय! आमच्या आळंदीला चला, माऊलींच्या समाधीवर डोकं ठेवा आणि मनाला येईल ते करा, असं मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "माऊली मोठी हो. पण माऊली उत्तर देत नाय, ऐकून घेते. मला उत्तर पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा उत्तर कुणाकडून घ्यायचं हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मंगळावरची गाडी त्या दिवसांत विवराच्या उतारावरून तळाकडे उतरत होती आणि वाटेत घराएवढा एक कातळ आडवा आला होता. उद्या तिला वळसा घालून पुढे नेणार, असं त्या पानावर लिहून आलं होतं, पोरांनी ते मावशींना वाचून दाखवलं होतं. कुठल्या बाजूने, ते लिहिलं नव्हतं.

"कौल तिचा घेणार," मावशी म्हणाल्या. "कातळाच्या उजवीकडून गेली तर ऑपरेशन करायचं. डावीकडून गेली तर नाय करायचं."

"मावशी, गाडी तिकडची माणसं चालवत्यात. देव न्हाई त्यो."

"पाकळ्या पण गुरवच लावतो, भाऊ. पडते ती देवाच्या हाताने. आणि ह्या गाडीशी बाबूचं काय नातं, ते मी रोज बघते."

मी वाद घातला नाही. घातला असता तरी या बाईपुढे दुसरा कुठला रस्ता मी ठेवणार होतो? दुसऱ्या दिवशी सकाळी फर्स्ट शिफ्टची पोरं निघून गेल्यावर, सेकंडवाले तिघं उठल्यावर, मावशींनी अंघोळ केली, टीव्हीसमोर पाट मांडला, त्यावर तांदूळ, विडा आणि नारळ ठेवला. टीव्हीवर त्या कातळाचं चित्र लावलं. मग आम्हा चौघांना मागे उभं केलं आणि सांगितलं की मी थांबले की तुम्ही "व्हय म्हाराजा" म्हणायचं.

हे सांगताना मला आजही हसू येतं. बाई डोक्यावर पदर घेऊन हात जोडून टीव्हीसमोर उभी राहिली आणि एरवी आमच्याशी जपून बोलणाऱ्या मावशी एकदम त्यांच्या गावच्या बोलीत सुरू झाल्या.

"बा देवा म्हाराजा! तू खय आसस तां माका ठावक नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या गावच्या देवाक माणसांनी कुलूप घातल्यानी, म्हणान आज तुझ्या दारात इलंय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझो एकुलतो झील आडवो पडलेलो आसा. डॉक्टर म्हणता, डोक्याचा ऑपरेशन करूक होया. करू की नको, माका कळणा नाय, म्हाराजा. करूचा आसात तर तुझ्या उजव्यान जा, नसात तर डाव्यान जा. तुझो कौल मी पाळतंय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्या तिघांतला लातूरचा पोरगा रडत होता आणि व्हय म्हाराजा म्हणत होता. कॉटवर बाबूचे डोळे छताकडे होते.

दुपारी, तुम्ही कुरुळीत राहत असाल तर तुम्हाला नवल वाटणार नाही, रस्ता खोदणाऱ्या जेसीबीने माझी तार तोडली. अर्धं गाव बंद. माझा फोन थांबेना. कुणाचं वर्क फ्रॉम होम, कुणाची मॅच. मावशींचा फोन आला तेव्हा मी खड्ड्यात उतरलो होतो.

"भाऊ, माझा कौल मधेच अडकलाय ओ."

"मावशी, माझ्या मोबाइलवर बघून सांगू का? एक मिनिटाचं काम हाय."

"नको नको. गाऱ्हाणं इथे घातलंय. कौल इथेच लागला पाहिजे, बाबूसमोर."

मी जेसीबीवाल्याला आईबहिणीवरून बोललो. एरवी मी तसा माणूस नाही. त्या चिखलात बसून केसाएवढी काचेची तार जोडताना ती पुन्हा पुन्हा निसटत होती. ती जोडायला मला कधी इतका वेळ लागला नव्हता.

ऊन उतरता उतरता जोडणी झाली. धावत गेलो. तिघंही पोरं सेकंड शिफ्टला गेली होती. मावशी टीव्हीकडे पाठ करून, बाबूचे पाय धरून बसल्या होत्या.

"मला नाय बघवत. तुम्ही बघा. कुठे गेली ते सांगा."

मी पान उघडलं. गाडीच्या वाटेचा नकाशा असतो तिथे, वरून दिसणारा. पांढरी रेघ नकाशात वरून खाली येत होती. कातळापाशी आली होती आणि माझ्या डाव्या हाताच्या बाजूने वळसा घालून खाली उतरली होती.

"डावीकडून गेली, मावशी."

मला, खरं सांगतो, बरं वाटलं. पोरगा घरात तरी राहील, असं मनात आलं. मग त्या सावकाश वळल्या आणि नकाशाकडे बघत राहिल्या.

"ती कुठून कुठे चाललीय?"

"वरून खाली."

"म्हणजे आपल्याकडे तोंड करून येतेय." त्या उठल्या, टीव्हीच्या बाजूला माझ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, आणि त्या गाडीसारखा आपला उजवा हात बाजूला पसरला. हात रेघेच्याच बाजूला गेला. "तुमची डावी ती तिची उजवी. देव समोर असतो तेव्हा देवाची उजवी धरतात, भाऊ. आपली नाय."

बरोबर होतं ते. मी कितीही वेळा मान वाकडी करून बघितलं तरी बरोबरच होतं. मी गप्प बसलो आणि त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. त्या बाईचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या कपाळाच्या शिरा सैल पडल्या होत्या. तिने बाबूच्या गालावरून हात फिरवला. "ठरलं हां, बाबू," ती म्हणाली आणि डब्याची कणीक मळायला गेली.

ऑपरेशन झालं. टेबलावरून तो परत आला. डॉक्टर हसून बोलले. आम्ही मेसमध्ये नारळ फोडला. मग त्याला ताप चढला, छातीतला कफ वाढला, श्वास लागला, आणि एका सकाळी, मावशी बाहेरच्या बाकावर चहा पीत असताना, तो गेला.

दीर गावाहून आला. दिवसकार्य झाल्यावर, माणसं पांगल्यावर, तो मान खाली घालून म्हणाला की देऊळ उघडलं. दोन्ही वाड्यांचं मिटलं. थोडं आधी मिटलं असतं तर खऱ्या देवाचा कौल मिळाला असता.

मला वाटलं, आता ही बाई त्याच्या अंगावर धावून जाईल. तिने जावं असं मला मनापासून वाटत होतं. पण ती शांतपणे म्हणाली, "देवाने पण तेच सांगितलं असतं. कौल खरा लागला. चूक माझी झाली."

"तुमची कसली चूक, मावशी?"

"मी विचारलं काय? ऑपरेशन करू की नको. करा म्हणाला. केलं. तो वाचेल का, ते मी विचारलंच नाय. गुरव असता तर त्याने बरोबर विचारलं असतं. मला बाईला गाऱ्हाणं घालता आलं नाय."

मला इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता. कुणाचा, ते कळेना. कंटेनरवाल्याचा, पालखीच्या खांद्यासाठी भांडणाऱ्यांचा, त्या लाल मातीतल्या गाडीचा, सगळ्यांचाच. एवढं सगळं जगाने केलं आणि शेवटी दोष उचलला तो या बाईने, का तर प्रश्नाची मांडणी चुकली म्हणून. मी तसं तिला ओरडून सांगितलंही. तिने ऐकून घेतलं. पटलं नाही.

मावशींनी खोल्या सोडायचं ठरवलं. कनेक्शन काढायला मला बोलावलं. भांडी पोत्यात भरून झाली होती. मेसची पोरं दुसरीकडे जेवायला लागली होती, पण सामान उतरवायला सगळी आली होती, खाली टेम्पोपाशी उभी होती. मी स्टुलावर चढून राऊटर काढत होतो.

"भाऊ, ती गाडी अजून खड्ड्यातच हाय?"

"व्हय."

"काम झालं की तिला परत आणतील ना?"

बाबूने तिला हे कधी सांगितलं नव्हतं. मी वायर सोडवायचं थांबवलं.

"न्हाई मावशी. परत आणत न्हाईत. पाठवतानाच ठरलेलं असतंय ते."

"मग शेवटी काय होतं?"

"पावर संपते. मग जिथं असंल तिथं थांबते."

"आणि मग हे लोक तिला सोडून देतात?"

"लगेच न्हाई. रोज हाक मारतात तिला, सिग्नल पाठवतात. बरेच दिवस पाठवतात. तिकडनं काहीच आलं न्हाई, तर मग सगळे बसून एक दिवस ठरवतात आणि बंद करतात."

मावशी रिकाम्या कॉटच्या कडेवर बसल्या. गादी आधीच खाली नेलेली होती, नुसती लोखंडी पट्टी होती.

"सकाळी चहा ठेवला की माझी हाक जाते," त्या म्हणाल्या. "बाबू, उठ रे, म्हणून. रोज जाते. ठाऊक असतं, तरी जाते." मग माझ्याकडे बघून त्यांनी अगदी खरं उत्तर हवं असल्यासारखं विचारलं, "भाऊ, हाक बंद करायची हे ते लोक ठरवतात कसं?"

मी राऊटर हातात धरून स्टुलावर उभा राहिलो. खालून टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, तशा त्या उठल्या, चपला घातल्या आणि जिना उतरून गेल्या.